एक नग खडक

"खडक कुठाय?" गावंडे साहेबांनी विचारलं.

मी समुद्राकडे बोट केलं.

"तो समुद्र आहे," साहेब म्हणाले.

"त्याच्या खाली, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला आणि समुद्राला आणखी एक संधी दिली. धक्क्यापासून हाकेच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी, पाण्यातून एक लोखंडी खांब वर आला होता. खांबाच्या टोकाला लाल काचेचा दिवा होता. बाकी सगळं पाणी.

"चाळीस नंबर, खांब. दिसला," साहेबांनी यादीवर खूण केली. "एक्केचाळीस, दिवा. दिसला. बेचाळीस, खडक, काळा, एक नग. हा काही दिसून नाही राहिला."

"भरती आहे, साहेब."

"मग भरती लिहू का?"

आमच्या मागे दिवेवाले कासमचाचा होडेकर उभे होते. चौतीस वर्षं रोज संध्याकाळी होडी घेऊन जायचं, त्या खांबावर चढायचं आणि दिवा लावायचा, ही त्यांची नोकरी. ते पुढे आले आणि अदबीने म्हणाले, "मामलेदार आता नाय यायचा, सायेब. तो संध्याकाळी साडेपाचला येतो."

साहेब दचकले. "मामलेदारांना कोणी बोलावलं?"

"खडकाचं नाव आहे, साहेब," मी म्हणालो. "गावातले लोक त्याला मामलेदार म्हणतात. सहसा दिसत नाही, पण गाठ पडली की माणूस बुडतो."

गावंडे साहेब हसले नाहीत. त्यांनी बेचाळीस नंबरापुढे सुबक अक्षरात लिहिलं: 'आढळला नाही'.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. करवंडे बंदर म्हणजे एक धक्का, एक गोदाम, चौदा खुंटे, एक फुटकी घंटा आणि मी. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि 'इमारत व धक्के' खात्यात कनिष्ठ लिपिक होतो. त्या वर्षी शासनाने ठरवलं की एक ऑक्टोबरपासून सगळी बंदरं, धक्के, दिवे आणि त्यांच्या आजूबाजूचा समुद्र आमच्या खात्याकडून काढून नव्या 'किनारे व जलमार्ग' विभागाकडे द्यायचा. सगळ्या संबंधितांना कळवण्यात आलं होतं. समुद्राला प्रत नव्हती.

आमचे उपअभियंता परचुरे साहेब मला म्हणाले होते, "तोडणकर, यादी करा. बंदरात जे जे म्हणून आहे ते लिहा. एक वस्तू सुटता कामा नये. उद्या ते म्हणतील, तुम्ही लपवलंत." यादी बेचाळीस वस्तूंची झाली. परचुरे साहेबांनी बेचाळीसच्या बेचाळीस न वाचता सही केली.

नव्या खात्याने ताबा घ्यायला गावंडे साहेबांना पाठवलं. ते यवतमाळकडचे. बावीस वर्षं त्यांनी मृदसंधारणात बांध घालण्यात काढली होती. पाणी म्हणजे अडवायची वस्तू, एवढीच त्यांची समुद्राशी ओळख. पण माणूस कागदाला पक्का होता आणि त्याला कारण होतं.

"अकरा वर्षांमागे मी एक रोड रोलर न बघता ताब्यात घेतला," त्यांनी मला पहिल्याच दिवशी चहा पिताना सांगितलं. "सही केली. मग बघायला गेलो तर रोलर नाही. आता तुम्ही सांगा तोडणकर, रोलर काय कोणी खिशात घालून नेते? अजून दर मार्चमध्ये खुलासा मागतात. तेव्हापासून ठरवलं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही नाही. देव जरी यादीत असला तरी दर्शन झाल्यावरच सही."

अशा माणसापुढे आम्ही पाण्याखालचा खडक ठेवला होता.

'आढळला नाही' हे दोन शब्द दिसायला साधे होते. पण शासन निर्णयात मुद्दा क्रमांक तेरा होता. जी बांधकामं ज्या जागेवर उभी आहेत ती जागा आढळणार नाही, ती बांधकामं अतिक्रमण समजावीत आणि एक ऑक्टोबरच्या आत काढून टाकावीत. गावंडे साहेबांनी तो मला दोनदा वाचून दाखवला. खडकात रोवलेला खांब होता, खांबाला जागा नव्हती, म्हणजे खांबाने समुद्रात अतिक्रमण केलं होतं. खांब गेला की दिवा गेला. दिवा गेला की दिवेवाल्याचं पद गेलं. आणि दिवा गेला की पुढचं सांगायला शासन निर्णय लागत नव्हता. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या समुद्रावर जायला लागल्या होत्या आणि बांगड्याच्या दिवसांत निम्म्या होड्या अंधार पडता पडता परततात.

"चाचा, खांब कापायला माणूस येणार आहे," मी त्यांना सांगितलं. "तीस तारखेपर्यंत खडक दाखवला नाही तर."

चाचा जाळं शिवत नव्हते की विडी ओढत नव्हते. ते दिव्याची काच पुसत होते. दिवसातून दोनदा पुसायचे.

"त्यात काय. दाखवू की. उधाणाला, अमावास्येला, संध्याकाळी साडेपाचला ये म्हणावं. माझ्या होडीतून नेतो, वर उभा करतो. हवं तर फुगडी घाल म्हणावं."

"संध्याकाळी नाही चालत. मुद्दा नऊ. 'प्रत्यक्ष पाहणी सकाळी ठीक अकरा वाजता, दोन्ही खात्यांच्या प्रतिनिधींनी, जागेवर हजर राहून सुरू करावी.'"

"अकरालाच का?"

"दहाला कचेरी उघडते. एक तास चहाचा."

चाचांनी काच खाली ठेवली आणि बोटांवर काहीतरी मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे असं बघितलं की मुद्दा नऊ मीच लिहिला असावा.

"पोरा, अकराला मामलेदार कधीच येत नाय."

मला खरं वाटलं नाही. मी पंचांग आणि भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन बसलो आणि महिन्याच्या तिसांच्या तीस दिवसांचा तक्ता केला. चाचा बरोबर होते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप उतरतं, खडक उघडा पडतो, पण ते सकाळी पाच-साडेपाचला नाहीतर संध्याकाळी. त्या दिवशी अकराच्या सुमाराला भरपूर भरती असते. अष्टमी-नवमीला अकराच्या सुमाराला ओहोटी असते, पण ती भांगाची. पाणी आळसावल्यासारखं थोडंसं उतरतं आणि परत फिरतं. खडक दोन हात खालीच राहतो. बाकीचे दिवस अध्येमध्ये. थोडक्यात, आमच्या किनाऱ्यावर ओहोटीची वेळ चंद्राने ठरवली होती, पाहणीची वेळ शासनाने ठरवली होती, आणि दोघांचा आपसात पत्रव्यवहार नव्हता.

मी तो तक्ता गावंडे साहेबांना दाखवला. त्यांनी मन लावून वाचला.

"म्हणजे सरकारी वेळेत हा खडक अस्तित्वात नाही."

"तसं नाही, साहेब. असतो. दिसत नाही."

"रोलरच्या वेळी मी हेच लिहून दिलं होतं."

"संध्याकाळी एकदा थांबा ना. दीडएक तासाचा प्रश्न आहे."

"माझी शेवटची एसटी सव्वाचारची. आणि वेळेबाहेर पाहिलं तर ते माझं खाजगी पाहणं होते, तोडणकर. सरकारचं नाही."

"फोटो काढून आणू?"

"फोटोतला खडक कोणचाही असू शकते. आमच्याकडे बी आहेत खडक."

नवमीला आम्ही शेवटचा उपाय करून बघितला. अकरा वाजता चाचांनी होडी खांबाशी नेली, लांब बांबू पाण्यात घातला आणि खाली आपटला. टक् असा आवाज आला.

"वाजला बघा," चाचा म्हणाले.

साहेब दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसले होते. ते पहिल्यांदाच होडीत बसत होते आणि होडीलाही ते कळलं होतं. "काय वाजलं?"

"मामलेदार."

"मला आवाज आला. कशाचा आला ते दिसलं नाही." त्यांनी एक हात मोठ्या धीराने सोडवला आणि यादीवर लिहिलं: 'बांबूस काहीतरी लागले.' मग माझ्याकडे बघून जरा ओशाळून म्हणाले, "मी माझ्याकडून होईल तेवढं लिहून राहिलो, बाप्पा."

ते खरंच होतं. दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाशी काहीतरी करता येतं.

एकोणतीस तारखेला दुपारी खांब कापायचा माणूस येऊन खांब बघून गेला. त्याला दोन तास पुरतील असं त्याने सांगितलं. मी कचेरीत एकटा बसून शासन निर्णय परत वाचत होतो. मला तो तोपर्यंत पाठ झाला होता, पण पाठ असलेली गोष्ट माणूस वाचत नाही, म्हणतो. त्या दिवशी मी ती वाचली. आणि पळत पळत धक्क्यावर गेलो.

"चाचा! अकराला पाहणी सुरू करायची, एवढंच म्हटलंय. संपवायची कधी ते कुठेच लिहिलेलं नाही!"

चाचांनी विचार केला. "उद्या अमावास्या. अकराला जायचं नि साडेपाचपर्यंत बसून राहायचं?"

"हो."

"सायेब बसेल?"

"नाही. अकरा वीसला म्हणतील, चला परत. सव्वाचारची गाडी आहे त्यांची."

"मग बसवायचा कसा?"

"ते मला सुचत नाही."

"मला सुचतंय," चाचा म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. सरकारी नोकरीत दोनच वर्षं झाली होती, पण काय विचारायचं नाही हे कळायला तेवढी पुरतात.

तीस तारखेला अकराला पाच कमी असताना आम्ही तिघे खांबाशी पोचलो. पाणी काठोकाठ भरलं होतं, खांब निम्मा बुडाला होता. चाचांनी एक लांब दोर खांबाला बांधला, होडी सैल सोडली. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि लिहिलं: 'पाहणी सुरू, ११.००.' मग सगळीकडे बघितलं. सगळीकडे समुद्र होता.

"नाही," ते खिन्नपणे म्हणाले. "चला परत."

चाचा मागे वळले. मग पुढे वळले. होडीत खाली वाकून बघितलं.

"वल्ही गेली, सायेब."

"कुठं गेली?"

"पाण्यात."

"आत्ता तर होती!"

"आत्ताच गेली."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खरोखरच चकित झालो होतो, त्यामुळे माझा चेहरा चांगला निघाला.

"मग आता?"

"आता काय, खांबाला बांधलंय, वाहून तर जात नाय. कोणतरी येईल."

आले. साडेअकराला एक होडी अगदी जवळून गेली. चाचांनी हात हलवला. तिच्यातल्या माणसांनीही हात हलवला आणि ती निघून गेली. पाऊण वाजता दुसरी गेली, तिच्यातले लोक तर उभे राहून हात हलवत होते. कुणालाच मदतीची हाक ऐकू येत नव्हती. सगळ्या करवंड्याला एकाच दिवशी बहिरेपण आलं होतं. माझ्या खिशातल्या फोनला रेंज होती, पण मला कुणी विचारलं नाही.

बारा वाजता साहेबांनी सकाळचा नाश्ता समुद्राला परत केला. एक वाजता चाचांनी डबा उघडला. तांदळाच्या भाकरी होत्या आणि सुक्या जवळ्याची चटणी.

"अमावास्या आहे, मी आज नाही खात," साहेब म्हणाले आणि कोरडी भाकरी खाल्ली. दोन वाजता ते नुसत्या डब्याकडे बघत होते. तीन वाजता अमावास्या संपली असं त्यांनी जाहीर केलं आणि सगळी चटणी एकट्याने संपवली.

खाऊन झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी पिशवीतून यादी काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "एक विचारू का, तोडणकर? मी जुन्या याद्या काढून पाहिल्या. धक्का आहे, खांब आहे, ती फुटकी घंटाही आहे. हा खडक कोणत्याच यादीत नाही. पहिल्यांदा याच यादीत आला. कोणी लिहिला?"

होडीखाली पाणी चुळूकचुळूक वाजत होतं. चाचा दुसरीकडे बघत होते.

"मी," मी म्हणालो.

"काहून?"

"गंमत म्हणून, साहेब."

"गंमत?"

"परचुरे साहेब म्हणाले, एक वस्तू सुटता कामा नये. म्हणून मी शेवटी खडक टाकला. एक नग. मला वाटलं, ते वाचतील, ओरडतील, खोडतील. त्यांनी सही केली."

पंधरा दिवस ही गोष्ट मी लपवून फिरत होतो. खडक लिहिलाच नसता तर तो सापडायचा प्रश्न आला नसता. खांब कसा उभा आहे हे कुणी विचारलं नसतं. तो इतकी वर्षं तसाच, कुणाच्या परवानगीशिवाय उभा होता. मी एक ओळ गमतीने लिहिली होती आणि तिच्यापायी चाचांचा दिवा जात होता.

मी चाचांकडे बघायचं टाळलं, पण होडीत ते जमत नाही.

"माझा मोठा भाऊ ह्याच्यावर गेला," चाचा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "इस्माईल. तेव्हा खांब नव्हता. लगीन ठरलेलं होतं त्याचं. मग गावाने अर्ज केले, आठ वरसं केले, तेव्हा खांब आला. मी म्हटलं, दिवा मी लावतो." त्यांनी विडी पेटवली. "अर्जांना उत्तर यायचं, सदर ठिकाणी खडक असल्याची नोंद नाही. पोरा, मामलेदाराचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा तू लिवलंस. गमतीत का असेना."

सव्वाचार वाजले. लांब किनाऱ्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. साहेबांनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं आणि परत पाण्याकडे बघायला लागले.

पावणेपाचला खांबाच्या बुडाशी पाणी जरा वेगळं वागायला लागलं. सगळीकडे सपाट, तिथे मात्र घोळत होतं. मग एक काळसर डाग दिसला. लाट आली की जायचा, लाट गेली की यायचा. मग लाट आली तरी जाईना. मग शेवाळाचे केस विंचरत, अंगावरून पाणी निथळवत, एक भलीमोठी काळी पाठ हळूहळू वर आली, जसं काही दुपारची झोप काढून कुणी उठतंय.

"आला," साहेब अगदी हळू म्हणाले.

चाचांनी दोर ओढत होडी खडकाला लावली. साहेबांनी बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खडकावर पाऊल ठेवलं. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपांचे कंगोरे टोचत असणार, पण ते थेट खांबापर्यंत गेले आणि खांबाला हात लावून उभे राहिले. मग वाकून खडकावर थाप मारली. गुरांच्या बाजारात बैलाला मारतात तशी.

"टेप," ते म्हणाले.

आम्ही मापं घेतली. लांबी सव्वीस फूट, रुंदी अकरा. रंग काळा. स्थिती चांगली. साहेब इतके खूश होते की त्यांनी खडकाला झालेल्या दोन भेगाही नोंदवल्या, पुढच्या माणसाने त्या त्यांच्या नावावर घालू नयेत म्हणून. त्यांनी पेन उघडलं. बेचाळीस नंबरापुढे टेकवलं. आणि सहज उजवीकडे बघितलं.

"ते काय आहे?"

दहा-बारा फुटांवर, मधे पाणी सोडून, आणखी एक खडक वर आला होता. लहान, गोल, ओला, निरागस.

चाचांनी कपाळावर हात मारला. "तो उधाणाच्या ऐन सुकतीला येतो, पाणी पार उतरलं की. तेवढ्यापुरता."

"यादीत एक नग आहे," साहेब म्हणाले. "हे दोन आहेत."

"साहेब, खालून तो एकच असेल," मी म्हणालो. "आत जोडलेला."

"खालून तर यवतमाळबी याच्याशी जोडलेलं आहे, तोडणकर. वरून मोजायचं असते." त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "कमी भरलं तर खुलासा असते. जास्त भरलं तर चौकशी असते. जास्तीचा खडक आला कुठून, काय सांगू मी? मी आणला म्हणतील!"

मी यादीकडे बघितलं. एकावर खाडाखोड करून दोन करावं म्हटलं तर खाडाखोडीला परचुरे साहेबांची सही लागणार, आणि परचुरे साहेब दुपारीच कचेरीतून गेलेले. एवढं सगळं करून, सहा तास बसून, आम्ही गरजेपेक्षा जास्त यशस्वी झालो होतो.

"सायेब," चाचा म्हणाले, "तुम्ही असे इकडे तोंड करून बसा. खाडीकडे. विडी घ्या."

"मी ओढत नाही."

"मग नुसते बसा. पाणी फिरलंय. अर्ध्या तासात एकच राहील."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग खडकावर मांडी घातली, दुसऱ्या खडकाकडे पाठ केली आणि खाडीकडे बघत बसले. मी शेजारी बसलो. चाचा उभे राहून त्या धाकट्या खडकावर नजर ठेवून होते. सूर्य पाण्याशी आला. मासळीच्या होड्या एकामागून एक परतायला लागल्या, आणि प्रत्येक होडीतले लोक खडकावर मांडी घालून बसलेल्या सरकारी अधिकाऱ्याला आदराने नमस्कार करून जात होते. साहेब प्रत्येकाला मान लववत होते.

"आता किती?" त्यांनी न वळता विचारलं.

"दीड," चाचा म्हणाले.

जरा वेळाने, "आता?"

"सव्वा."

आणि मग, "एक, सायेब."

साहेब उठले, वळले, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेतली आणि लिहिलं: 'खडक, काळा, एक नग. प्रत्यक्ष पाहिला, उभे राहून पाहिला. ताब्यात घेतला. पाहणी समाप्त, ६.१५.' खाली सही केली. मी सही केली. साक्षीदार म्हणून चाचांनी सही केली. ती करायला त्यांना साहेबांपेक्षा जास्त वेळ लागला.

चाचा खांबावर चढायला निघाले, मग थांबले आणि काड्यापेटी साहेबांपुढे धरली. "आजपासून तुमचा ताबा."

साहेब वर चढले. त्यांच्या तीन काड्या वाऱ्याने विझल्या. चौथीला दिवा लागला.

होडीत बसल्यावर चाचांनी मागच्या बाजूला, पाण्यात हात घातला आणि एक बारीक दोरी ओढायला सुरुवात केली. दोरीच्या टोकाला जड दगड आला, आणि दगडाला बांधलेली दोन वल्ही आली. चाचा ती पुसत म्हणाले, "आयला, हितंच होती बघा."

मी साहेबांकडे बघितलंच नाही.

"दोरी मी अकरा वाजून पाच मिनिटांनीच पाहिली," साहेब मोजे घालत म्हणाले. "बावीस वर्षं बांधावर काढली मी. दोरी दिसली की ती कुठं जाते ते पहिले बघतो माणूस."

"मग बोललात का नाही, साहेब?" मी विचारलं.

"काय बोलू? स्वतःहून सात तास बसलो असतो तर वरचे विचारतील, काहून बसले? वल्ही गेली म्हणून बसलो. हे लिहिता येते." त्यांनी बुटाची नाडी बांधली. "आणि तोडणकर, वल्ही आता मिळाली असं लिहू नका. उद्या अकराला मिळू द्या."

त्यामुळे त्या संध्याकाळी आम्ही न सापडलेल्या वल्ह्यांनी परत आलो. साहेब त्या रात्री चाचांच्या घरी राहिले आणि पुढची चार वर्षं दर बांगड्याच्या दिवसांत येत राहिले. खांब कापायचा माणूस धक्क्यावर येऊन बसला होता. त्याला चहा पाजून परत पाठवला.

धक्क्याला लागता लागता चाचा माझ्या कानाशी वाकले. "तो धाकटा," ते म्हणाले. "कुणाच्या यादीत नाय, कुठल्या खात्यात नाय. तो तुला दिला."

मी आता सोलापुरात असतो, भूजल मोजणाऱ्या एका कचेरीत. समुद्र लांब आहे. कासमचाचांना जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या सप्टेंबरात करवंड्याहून एका मुलीचा फोन आला. नवीन लिपिक होती. बंदरं आता आणखी तिसऱ्या खात्याकडे चालली होती आणि ती यादी करत होती.

"सर, जुन्या यादीवर तुमची सही आहे म्हणून फोन केला. खडक, एक नग, असं लिहिलंय. पण मी परवा होडीतून गेले होते, मला तर दोन दिसले."

"दिवा लागतो का अजून?" मी विचारलं.

"हो, लागतो की. रोज लागतो. आता सोलरचा आहे. पण सर, त्या दुसऱ्या खडकाचं काय करू? टाकू यादीत?"

"किती वाजता बघितलात?"

"संध्याकाळी. साडेपाच झाले असतील."

"पाहणीची वेळ अकराची आहे," मी म्हणालो. "साडेपाचचा सरकारी नाही. तो माझा आहे."